हैबतबाबांची अर्धी वाट

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात आज पाय ठेवावयास जागा नसेल; आणि ज्यांना तेथे जाणे घडले नाही अशा घराघरांतून फराळाचे ताट वाढण्यापूर्वी तुळशीपुढे निरांजन लागले असेल. ह्या पुण्यदिनी पांडुरंगाचे गुणवर्णन करावे हा शिरस्ता आहे. परंतु आम्ही आज भाविक वाचकांना पंढरीहून मागे, सव्वाशे किलोमीटर मागे, नीरा नदीच्या काठी घेऊन जाणार आहोत. माउलींची पालखी तेथून पुढे सरकली त्याला आता आठ-दहा दिवस लोटले. तेथे आता वैष्णवांची दाटी नाही, टाळमृदंग नाहीत, चिखलात उमटलेल्या पावलांवरून पाऊस वाहून गेला असेल. तरीही आजच्या दिवशी आम्हांस तेच स्थान आठवते. कारण आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट त्याच परिसरात निम्मी होते, आणि हा सोहळा ज्या पुरुषाने उभा केला त्या श्रीगुरू हैबतबाबा आरफळकरांचे आयुष्यही अर्ध्या वाटेवरच फिरले.

आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींच्या पादुकांचे प्रस्थान होते. पुण्यापर्यंत सारा थाट वेगळाच असतो. रस्तोरस्ती अन्नदान, पाय दाबून देणारे सेवेकरी, दर्शनाच्या रांगा. पुण्याची कितीएक मंडळी दिवे घाट चढून सासवडपर्यंत पायी येतात आणि तेथून माघारी वळतात. जेजुरीस भंडाऱ्याने वारी पिवळी होते, वाल्ह्यास मुक्काम पडतो, आणि मग नीरेच्या पात्रात माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी पुणे जिल्हा मागे टाकते व सातारा जिल्ह्यात पाऊल ठेवते. लोणंदचा मुक्काम, पुढे तरडगाव, आणि तरडगाव सोडून फलटणच्या दिशेने चार कोस चालावे तो निम्मी वाट सरलेली असते. ते स्थळ दाखवणारा दगड तेथे नाही. वारकऱ्याला मात्र ते पायांतून कळते.

निम्मी वाट सरणे ही गोष्ट ऐकावयास जितकी सुखाची तितकी सोसावयास नाही. निघतानाचा उत्साह दोन दिवसांत ओसरलेला असतो आणि पंढरीचा कळस तर दृष्टिपथात यावयाचा असतो. टाचांना भेगा, बोटांना फोड, भिजलेले धोतर अंगावरच वाळलेले. शेतकरी वारकरी पेरणी उरकून निघालेला. गावाकडे पाऊस झाला की नाही, उगवण कशी आहे, गाय व्यायली की काय, ह्या चिंता नेमक्या येथेच गाठतात. कारण येथून घर जेवढे दूर तेवढीच पंढरीही दूर. मागे वळावे तरी तेवढेच चालणे आणि पुढे जावे तरी तेवढेच. आरंभी पाय उचलतात ते हौसेने, शेवटी उचलतात ते कळसाच्या ओढीने. मधल्या टप्प्यात मात्र नुसत्या नेमानेच चालावे लागते.

आम्हां नारदीय कीर्तनकारांस ह्याची जाण जरा निराळ्या प्रकारे असते. पूर्वरंग संपतो, बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, भजनाचा गजर होतो, आणि त्या दोन घटकांत काही श्रोते हळूच पादत्राणे शोधू लागतात. निरूपण झाले, आख्यान तर ठाऊकच आहे, असा त्यांचा हिशेब. उत्तररंगाला उभे राहताना समोर जे बसलेले दिसतात ते खरे आपले श्रोते. नीरा ओलांडून पुढे चालणारी वारी तशीच म्हणावयाची. असो.

हैबतबाबांचे मूळ नाव हैबतराव पवार. गाव सातारा जिल्ह्यातील आरफळ, म्हणून आरफळकर. घराणे सरदारी बाण्याचे, आणि हैबतराव स्वतः ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होते. तो काळ मराठी राज्याच्या उतरणीचा. महादजी शिंदे १७९४ साली निवर्तले, पुढे दौलतरावांची कारकीर्द झाली, आणि १८१८ साली पुण्याचा जरीपटका उतरला. ज्या तलवारींनी उत्तर हिंदुस्थान पाहिला होता त्या म्यानात जाऊ लागल्या, आणि दूरदेशी चाकरी करणाऱ्या कितीएक मराठ्यांस आपल्या गावाची, शिवाराची, देव्हाऱ्याची आठवण होऊ लागली. शिंद्यांच्या दरबारात भक्तीचे वावडे नव्हते. खुद्द महादजींनी भक्तिपर कविता केली आहे. तेव्हा हैबतरावांच्या कमरेस तलवार आणि मुखी हरिपाठ ह्यांत कोणास विसंगती वाटली नसावी. ज्ञानदेवांवर त्यांची निष्ठा तरुणपणापासूनची होती असे परंपरा सांगते.

अशा ह्या सरदाराने एके काळी चाकरीतून मोकळीक घेतली आणि मिळवलेली संपत्ती बरोबर घेऊन तो घरी निघाला. ग्वाल्हेरीहून साताऱ्याकडे यावयाचे म्हणजे नर्मदा उतरावयाची आणि सातपुडा ओलांडावयाचा. आज आगगाडीत एक रात्र झोप काढली की हे सारे मागे पडते. तेव्हा ते काही आठवड्यांचे काम होते आणि सातपुड्याच्या घाटांत वाटसरूचा जीव मुठीत असे. तेथील भिल्लांनी त्या काळी वाटा अडवल्या होत्या. त्यांस नुसते दरोडेखोर म्हणून सोडून देणे आम्हांस उचित वाटत नाही. राज्ये बदलली, फौजा रानावनातून गेल्या, घाट राखण्याचे त्यांचे पूर्वापार हक्क बुडाले, पोटाला उरले नाही. तेव्हा त्यांनी वाट अडवली. पुढे १८२५ साली इंग्रजांनी त्याच भिल्लांची खानदेशात पलटण उभारली आणि वाटा राखण्याचे काम त्यांजकडेच दिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तर हैबतराव आपल्या परिवारासह त्या डोंगरात लुटले गेले आणि एका गुहेत कोंडले गेले. मागे ग्वाल्हेर, पुढे आरफळ, आणि मध्ये दाराशी धोंड. पराक्रमी पुरुषाला ह्याहून मोठी नामुष्की कोणती? तलवार हिरावलेली, धन गेलेले, सुटकेसाठी कोणाकडे निरोप धाडावा तर वाटच बंद. अशा वेळी माणसापाशी जे खरोखर त्याचे असते तेवढेच उरते. हैबतरावांपाशी हरिपाठ उरला. त्यांनी तो अहोरात्र चालवला. एकवीस दिवस असे गेले, आणि एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाच्या घरी मुलगा जन्मास आला. बंदिवासातील ह्या साधुपुरुषाच्या नामस्मरणाचेच हे फळ अशी त्या नायकाची खात्री झाली. त्याने धोंड सारली, लुटलेले धन परत केले आणि सन्मानाने त्यांस वाटेला लावले.

इतिहाससंशोधक ह्या कथेस कागदाचा पुरावा मागतील, आणि तो त्यांचा धर्मच आहे. आम्ही मात्र कथेतील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. येथे चमत्काराने धोंड फुटली नाही, आकाशवाणी झाली नाही. ज्याने कोंडले त्याच्याच मनाला पाझर फुटला आणि त्यानेच आपल्या हाताने दार उघडले. वारीच्या वाटेवर निम्म्या टप्प्याच्या थोडे आधी जे वाल्हे लागते, ते वाल्मीकींचे स्थान म्हणून लोक मानतात. वाट अडवणाऱ्या वाल्याचे ज्या नामाने वाल्मीकी झाले, तेच नाम सातपुड्यातील नायकाच्या कानी पडले, असे आमच्यासारखा कीर्तनकार म्हणणारच.

गुहेत कोंडलेल्यांची नादाने सुटका, हा प्रसंग आम्हांस आणखी एका ठिकाणी भेटला, तो येथे नमूद करावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी माघ पौर्णिमेच्या सुमारास कीर्तनसेवेनिमित्त आमचे गोंदिया जिल्ह्यात जाणे झाले. त्या वेळी सालेकसा तालुक्यातील कचारगडास मुद्दाम गेलो. दरेकसाच्या डोंगरात, धनेगावापासून रानातून वर चढत गेले की ती प्रचंड गुहा लागते. माघ पौर्णिमेस तेथे नाना राज्यांतून गोंड बांधवांची यात्रा भरते. त्यांची कथा अशी की, काली कंकालीची मुले ह्या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडाशी मोठी शिळा होती. रायताड जंगोने त्यांची काळजी वाहिली. पुढे पारी कुपार लिंगोंच्या योजनेने हिरासुका पाटालीर ह्या वादकाने आपले वाद्य असे छेडले की आतील मुलांच्या अंगी बळ संचरले, शिळा हलली, मुले मुक्त झाली. परंतु ज्याने वाजवले तो हिरासुका त्याच शिळेखाली चिरडला गेला. लिंगोंनी त्या मुलांस शिकवून गोंड समाजाची गोत्रव्यवस्था लावून दिली असे ते मानतात. ह्या लोकांचा धर्मविचार स्वतंत्र आहे; तो ओढूनताणून आपल्या पुराणांत बसवण्याचा हव्यास आम्हांस मान्य नाही. हैबतबाबांची गुहा ती ही नव्हे, हेही उघड आहे. तथापि त्या काळोख्या गुहेत उभे असताना, वरच्या छिद्रातून उतरणाऱ्या उजेडाकडे पाहताना, आम्हांस हैबतबाबांचे एकवीस दिवस आठवल्यावाचून राहिले नाहीत. वृद्ध गोंड स्त्रिया अनवाणी चढून आलेल्या होत्या. त्यांतील काही कित्येक दिवसांच्या प्रवासाने आल्याचे कळले. गुहेच्या तोंडाशी येऊन त्या जमिनीला हात लावीत आणि मगच आत जात.

आता पुन्हा हैबतरावांकडे वळू. सातपुड्यातून सुटका झाली, धन परत मिळाले, वाट मोकळी झाली. साधारण माणूस असता तर तडक आरफळास गेला असता, मुलालेकरांस भेटला असता, गावजेवण घातले असते, देवाला नवस फेडला असता आणि उरलेले आयुष्य ओसरीवर बसून ग्वाल्हेरीच्या गोष्टी सांगण्यात घालवले असते. त्यात वावगे तरी काय होते? परंतु हैबतराव आरफळास गेले नाहीत. ते आळंदीस आले. माउलींच्या समाधीपुढे मस्तक ठेवले आणि तेथेच राहिले. सरदार हैबतराव पवार सातपुड्याच्या गुहेत संपले. आळंदीस पोहोचले ते हैबतबाबा.

ज्या घराकडे ते निघाले होते त्या घराच्या मनाला हे कसे वाटले असेल, ह्याविषयी चरित्रे मौन पाळतात. आम्हांस त्याची हुरहुर वाटते. ग्वाल्हेरीहून निघाल्याची वार्ता आली असेल, वाटेत लुटल्याची आली असेल, सुटल्याचीही आली असेल. आणि मग ते आळंदीस राहिल्याची. संतचरित्रे सांगताना आपण त्यागाचे कौतुक करतो आणि दाराशी वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांना विसरतो. इतके मात्र खरे की घराण्याने बाबांना परके केले नाही. सोहळ्याचे मालक म्हणून आजही आरफळकर पवारांचाच मान आहे. हैबतबाबा घरी गेले नाहीत. घरच त्यांच्या मागोमाग आळंदीस आले.

आळंदीत बाबांचा नेम कडक होता. रात्री समाधीपुढे उभे राहून भजन करावे, आणि ते किती वेळ करावे ह्यास मर्यादा नसे. पहाटेच्या काकड्यापर्यंत ते चाले असे सांगतात. आणि वर्षातून एकदा पंढरीची वारी. त्या वारीची तेव्हाची स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. पूर्वी संतांच्या पादुका गळ्यात बांधून पंढरीस नेण्याची रीत होती. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज ह्यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस येत, तेथे माउलींच्या पादुका त्याच पालखीत ठेवीत, आणि ज्ञानोबा-तुकाराम ह्या एकाच गजरात दोन्ही पादुका पंढरीस जात. दीडशे वर्षे हा क्रम चालला. पुढे देहूकर वंशजांत मानापानाचे आणि हक्कांचे तंटे लागले. देवाच्या दारी भाऊबंदकी शिरली की काय होते ते आपण सर्वच जाणतो. त्याचा विस्तार येथे नको.

हैबतबाबांनी त्या तंट्यात पक्ष घेतला नाही, आणि तंटा मिटण्याची वाट पाहत वारीही थांबवली नाही. त्यांनी माउलींच्या पादुकांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे काढली. ते साल १८३२. साताऱ्यास त्या वेळी प्रतापसिंह छत्रपती गादीवर होते, पुण्यावर इंग्रजांचा अंमल होता, आणि पालखीची वाट एका राज्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून फलटणच्या निंबाळकरांच्या संस्थानात जात होती. अशा काळी हजारो माणसे घेऊन पंधरा-अठरा दिवस चालावयाचे तर नुसती भक्ती पुरत नाही. तंबू हवा, नैवेद्य हवा, जनावरे हवीत, जरब असणारा कोणी पाठीशी हवा. बेळगावकडील अंकलीचे सरदार शितोळे ह्यांनी हा भार उचलला. घोडे, तंबू, नैवेद्याची सेवा त्यांनी दिली, आणि ती त्यांच्या घराण्याने आजतागायत चालवली आहे. आजही माउलींचे दोन अश्व अंकलीहून पायी निघतात, दिवसेंदिवस चालत आळंदीस पोहोचतात, आणि मगच प्रस्थान होते. त्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीही बसत नाही. ती जागा माउलींची.

भजनी मंडळींच्या बाजूने वासकर, शेडगे, खंडोजीबाबा ह्यांची नावे परंपरेने घेतली जातात. ह्या सर्वांनी मिळून दिंड्यांचा क्रम लावला, कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणावयाचे ती भजनाची मालिका ठरवली, आणि चालण्याची, थांबण्याची, उठण्याची शिस्त घालून दिली. येथे सरदार हैबतराव पुन्हा दृष्टीस पडतात. सकाळी तीन कर्णे होतात; पहिल्यास आवरावयाचे, दुसऱ्यास सज्ज व्हावयाचे, तिसऱ्यास चालू लागावयाचे. पुढे घोडे, मागे दिंड्या, मध्ये पालखी, पुन्हा दिंड्या. जो फौजेबरोबर उत्तर हिंदुस्थान फिरला त्यालाच हे सुचावे. शस्त्र ठेवले तरी शस्त्रधराची शिस्त त्यांनी ठेवून दिली नाही. ती माउलींच्या चरणी वाहिली. आमच्या मते हैबतबाबांचे मोठेपण नेमके येथे आहे. पूर्वायुष्य जाळून टाकणारे विरक्त पुष्कळ झाले. पूर्वायुष्यातील शिकवण देवाच्या कामी लावणारे थोडे.

मुक्कामाच्या ठिकाणी सायंकाळी जी समाजआरती होते ती ज्यांनी पाहिली असेल त्यांस आमचे म्हणणे पटेल. तळावर सर्व दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि क्षणार्धात हजारो टाळ मुके होतात. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले तर समजावे की तिची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, जागच्या जागी निवाडा करतात. मग ते टाळही थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आरती होते. तांब्या, चष्मा, पैशांचा बटवा, कोणाची तुळशीमाळ. परक्याची वस्तू चोपदारांकडे आणून द्यावयाची, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही.

आणि आता तो निम्मा टप्पा. लोणंद सोडून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब लागतो. संपूर्ण वाटेवरील पहिले उभे रिंगण येथे होते. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस समोरासमोर उभ्या राहतात, मध्ये वाट मोकळी ठेवतात, आणि त्या वाटेने दोन्ही अश्व पालखीपर्यंत दौडत जातात. दौडून गेल्यावर त्यांच्या टापांखालची माती भाविक कपाळी लावतात. मग तीच माणसे, जी घटकाभरापूर्वी लंगडत होती, फुगड्या घालू लागतात, एकमेकांच्या खांद्यावर चढतात, टाळ हवेत उडवतात. आळंदी-पुण्याजवळ, जेथे दर्शनाला अलोट गर्दी, तेथे रिंगण नाही. नीरा ओलांडून, निम्मी वाट सरत आली असता ते पहिल्याने होते. हे कोणी हेतुपूर्वक ठरवले की मोकळ्या रानाच्या सोयीने पडत गेले, ह्यात आम्ही शिरत नाही. पण पाय जेथे सर्वांत जड होतात तेथेच माउलींचा घोडा धावतो. हे ज्याच्या शिस्तीतून आले त्याला स्वतःला अर्ध्या वाटेवर कोंडून पडण्याचा अर्थ ठाऊक होता, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

ह्या भागाविषयी आणखी एक गोष्ट. नीरा ओलांडली की पालखी सातारा जिल्ह्यात येते, म्हणजे बाबांच्याच मुलखात. आरफळ त्या वाटेवर नाही. ज्या गावाकडे जाण्यासाठी ते एकदा ग्वाल्हेरीहून निघाले होते, त्याच्या इतक्या जवळून दरवर्षी माउलींच्या पादुकांबरोबर ते जात असत, आणि पालखी वळत नसे. नदीचे स्नान होई, लोणंदचा बाजारतळ लागे, भाकरी होत, आणि पहाटे तिसरा कर्णा झाला की वाट पूर्वेस फलटणकडे.

आता ती वाट चौपदरी झाली आहे. जुन्या वडांची कितीएक झाडे गेली, पुलांवर पूल झाले. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षी रोगाच्या साथीमुळे पायी वारी निघाली नाही. माउलींच्या पादुका प्रस्थानानंतर आळंदीतच राहिल्या आणि दशमीस फुलांनी सजवलेल्या राज्य परिवहनच्या गाडीतून मोजक्या मंडळींसह पंढरीस नेण्यात आल्या. अडीचशे किलोमीटर काही तासांत सरले. त्या दोन वर्षांत ठरलेल्या दिवशी लोणंदच्या तळावर आरती झाली नाही, चांदोबाच्या लिंबापाशी टापा उमटल्या नाहीत. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध वारकरी माउलीने त्या आषाढात रोज पहाटे उठून आपल्याच अंगणात त्या दिवसाच्या टप्प्याइतका वेळ टाळ घेऊन फेऱ्या घातल्या. तरडगावच्या दिवशी तिने सुनेकडून पुरणाचा नैवेद्य करवला, निम्मी वाट झाली म्हणून.

परंतु वाचकहो, निम्मी वाट तरडगावापाशी होते हे आमचे वरील विधान केवळ कोसांच्या हिशेबाने खरे आहे. वारी ह्या शब्दाचा अर्थच मुळी येरझार, पुनःपुन्हा जाणे-येणे असा. घरून निघून पंढरीस गेला आणि तेथेच राहिला, तर तो यात्रेकरू झाला. वारकरी तो, जो परत येतो आणि पुन्हा जातो. ह्या अर्थाने पाहता वारीचा मध्य नीरेकाठी नाही, भीमेकाठी आहे. आज एकादशीस ज्या लक्षावधींचे पाय वाळवंटात टेकले ते सारे आज अर्ध्या वाटेवर आहेत. पूर्वी आगगाडी-मोटारी नव्हत्या तेव्हा हे सर्वांस आपोआपच कळे, कारण जितके चालत यावयाचे तितकेच चालत घरी जावयाचे असे. आता कळस पाहिला, दर्शन घेतले की मंडळी गाड्या गाठतात. त्यात दोष नाही. शेते वाट पाहत असतात. माउलींच्या पादुका मात्र आजही परतीस पायीच निघतात. पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो आणि पालखी आळंदीकडे वळते.

हा परतीचा सोहळा फार थोड्यांनी पाहिलेला असतो. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येत नाहीत. टप्पे लांबलांब, मुक्काम थोडे, बरोबरची माणसे जातानाच्या मानाने मूठभर. गावोगावी पूर्वीसारख्या कमानी नसतात. पावसाचा जोर वाढलेला असतो. पण कर्णे तेच तीन, काकडा तोच, हरिपाठ तोच, आणि समाजाच्या वेळी दंड उंच झाला की होणारी शांतता तीच. ज्याने ही रीत घालून दिली तो स्वतः परतीच्या वाटेवरचाच प्रवासी होता. ग्वाल्हेरीस तो सरदार म्हणून गेला तेव्हा त्याला कोणी अडवले नाही. परत येताना अडवले, आणि परत येतानाच त्याला त्याचा देव भेटला. म्हणून की काय, पादुका नुसत्या पोहोचवून मोकळे होण्याची बुद्धी त्याला झाली नाही. त्या परत आणण्याचाही नेम त्याने तितक्याच कसोशीने पाळला.

पंढरीच्या वेशीवर एक जुनी खूणही जपलेली आहे. वाखरीचा मुक्काम सोडून पालखी नगरीजवळ आली की माउलींच्या पादुका रथातून काढून शितोळे सरदारांच्या गळ्यात देण्याचा प्रघात आहे. पालख्या-रथांच्या आधी पादुका गळ्यात बांधून येत असत, त्या काळची ती आठवण.

बाबांनी आपला देह आळंदीसच ठेवला. त्यांची समाधी कोठे असावी ह्याविषयीची त्यांची इच्छा पंढरीच्या नामदेवरायांच्या इच्छेसारखीच होती. नामदेव विठ्ठलाच्या महाद्वारी पायरी होऊन राहिले. हैबतबाबा माउलींच्या महाद्वारी. समाधिमंदिरात जाणारा प्रत्येक भाविक ह्या सरदाराच्या पायरीला नमस्कार करून आत जातो. कार्तिक वद्य अष्टमीस ह्या पायरीचे विधिपूर्वक पूजन होते, आणि त्यानंतरच ज्ञानदेवांच्या संजीवन समाधी सोहळ्यास आरंभ होतो.

चार दिवसांनी पौर्णिमा आहे. काला झाला की पादुका निघतील. फलटण, लोणंद मागे टाकीत नीरेवर येतील, वाल्हे, जेजुरी, सासवड करीत घाट उतरतील, आणि वद्य एकादशीच्या सुमारास इंद्रायणीच्या पुलावरून आळंदीत शिरतील. स्वागतास आळंदीकर सामोरे येतील, घरोघरी सडे पडलेले असतील. पालखी महाद्वाराशी येईल तेव्हा वाटेत पहिली लागेल ती बाबांची पायरी.